पेट्रोलवरचा प्रेशर वॉशर: ट्रिगर सोडला तरी मशीन थांबत नाही

द्राक्षाचा हंगाम उरकला की दिंडोरी-निफाड पट्ट्यात धुण्याची कामं निघतात. औषध फवारायचा ब्लोअर, ट्रॅक्टर, ट्रॉली, क्रेटच्या थप्प्या, पॅकिंगची शेड. शेतीपंपाची वीज कधी दिवसा येते, कधी रात्री, आणि मळ्यात हवी तिथे थ्री फेज मिळेलच असं नाही. त्यामुळे पेट्रोल इंजिनवरच्या प्रेशर वॉशरला इथे कायम गिऱ्हाईक आहे. हे परीक्षण त्यातल्या एका जोडणीचं: होंडा जीएक्स २०० इंजिन, त्याच्या शाफ्टवर सरळ बसवलेला तीन प्लंजरचा (पाणी रेटणाऱ्या दट्ट्यांचा) पंप, २०० बार दाब आणि मिनिटाला साधारण १० लिटर पाणी. ही जोडणी बऱ्याच नावांनी विकली जाते. फ्रेम बदलते, चाकं बदलतात, आतला संसार तोच.

मशीन कामाचं आहे, यात वाद नाही. इंजिन १९६ सीसीचं, ३६०० आरपीएमला ४.१ किलोवॅट, म्हणजे साडेपाच एचपी. चिखल सुकून दगड झालेली ट्रॉली किंवा शेवाळलेला काँक्रीटचा ओटा याच्यापुढे टिकत नाही. आमची तक्रार आहे ती विक्रीच्या वेळी सांगितल्या न जाणाऱ्या गोष्टींबद्दल. घरात वापरतो ती विजेची छोटी मशीनं ट्रिगर सोडला की बहुधा मोटर बंद करतात. पेट्रोलचं मशीन तसं करत नाही. ट्रिगर सोडल्यावर इंजिन चालूच असतं, पंप फिरतच असतो आणि पाइपात दाब कोंडलेला असतो. इंजिन बंद केल्यावरही तो दाब आपोआप जात नाही. या मशीनवर होणारे अपघात आणि नादुरुस्त्या यांतल्या बऱ्याच या एका गोष्टीतून निघतात.

आधी आकड्यांचा हिशेब, कारण डब्यावरचे आकडे फार बोलघेवडे असतात. बार गुणिले मिनिटाचे लिटर, भागिले ६०० केलं की पाण्यात उतरणारी ताकद किलोवॅटमध्ये मिळते. पंपात थोडी ताकद वाया जाते, ती १५ टक्के धरा. ४.१ किलोवॅटच्या इंजिनकडून पाण्याला साडेतीन किलोवॅट मिळतात. त्यात २०० बारला १० लिटर बसतात, किंवा १४० बारला १५ लिटर. दोन्ही एकदम मिळत नाहीत. त्यामुळे ‘७ एचपी, २५० बार, १५ लिटर’ असं लिहिलेलं मशीन दिसलं तर समजा, पाण्यालाच सव्वासहा किलोवॅट लागतील आणि इंजिन दहा एचपीचं हवं. यातला एखादा आकडा खोटा आहे, बहुतेक बारचा.

हाच हिशेब दुसऱ्या बाजूनेही उपयोगी पडतो. २०० बारला टिपेतून, म्हणजे टोकाच्या बारीक भोकातून, निघणारं पाणी सेकंदाला २०० मीटरच्या आसपास वेगाने जातं, ताशी ७०० किलोमीटरच्या वर. गन हातात मागे रेटते तो रेटा साडेतीन किलोचा. जमिनीवर दोन पाय रोवून उभं असताना तो काहीच वाटत नाही. शिडीवर, पत्र्यावर किंवा ट्रॉलीच्या कडेवर तोच रेटा माणसाला पाठीमागे ढकलतो, तेही ट्रिगर दाबल्याच्या पहिल्या क्षणी. शिडीवर चढून हे मशीन चालवायचं नाही. उंचावर पोचायचं तर लांब लान्स (गनच्या पुढची दांड्यासारखी नळी) घ्या, खाली उभे राहा, आणि वर वीजवाहिनी नाही ना हे आधी पाहा.

सोबत येणाऱ्या सामानाकडे वळू. पाच टिपा येतात. लाल शून्य अंशाची, पिवळी १५, हिरवी २५, पांढरी ४०, आणि काळी साबणाची, कमी दाबाची. लाल टिप आम्ही खोक्यातच ठेवायला सांगू. सगळी ताकद एका बिंदूवर आणणारी ही धार शेतावर किंवा अंगणात लागावी असं काम क्वचितच निघतं, आणि बुटात घुसायला तिला फार वेळ लागत नाही. रोजच्या कामाला हिरवी, गाडीला पांढरी, चिकटलेल्या चिखलाला पिवळी. टिप बसवताना लान्सच्या तोंडाची कॉलर मागे ओढा, टिप आत सारा, कॉलर सोडा आणि मग टिप हाताने ओढून पाहा. अर्धवट बसलेली टिप पहिल्या ट्रिगरला गोळीसारखी सुटते.

टिपेवरचा नंबरही पाहावा, कारण हरवलेल्या टिपेच्या जागी बाजारातून कुठलीही आणली जाते. या मशीनला ०३० नंबर लागतो. ०४० बसवली तर भोक मोठं, दाब १२० बारच्या आसपास उतरतो आणि ‘मशीन गेलं’ म्हणून ते दुकानात जातं. ०२५ बसवली तर पंपाचं पाणी पूर्ण बाहेर पडत नाही, उरलेलं अनलोडर (जास्तीचं पाणी वळवणारा व्हॉल्व्ह) सतत परत फिरवत बसतो आणि पंपावर ताण येतो. झिजलेल्या टिपेचं भोकही मोठं होतं. दाब हळूहळू कमी वाटू लागला की पंप खोलण्याआधी नवी टिप लावून पाहा.

दाबाचा पाइप मात्र निराश करतो. बहुतेक ठिकाणी आठ-दहा मीटर मिळतो. एवढ्यात माणूस इंजिनच्या धुरातच उभा राहतो. वीस मीटरचा, आत तारेची जाळी असलेला आणि मशीनच्या कमाल दाबापेक्षा वरच्या दाबाचा पाइप पहिल्याच दिवशी घ्यावा. दाबात फारसा फरक पडत नाही. फुगा आलेला, जाळी उघडी पडलेला किंवा मुडपून घडी बसलेला पाइप सरळ बदलायचा. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून किंवा इपॉक्सी लावून चालवायची सवय पाण्याच्या साध्या नळीला चालते, इथे नाही. गळती कुठे आहे हे बोट फिरवून शोधू नका. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहा.

कारण हा फवारा कातडीतून आत शिरतो. बाहेरून जखम टाचणीएवढी दिसते, रक्तही फारसं येत नाही, सुरुवातीला दुखतंही कमी. आत पाणी, साबण, ऑइल, फवारणीच्या औषधाचा अंश आणि माती मांसपेशींच्या थरांमधून पसरलेली असते. हे मलमपट्टीचं प्रकरण नाही. बोट किंवा हात वाचवायला तातडीची शस्त्रक्रिया लागू शकते. म्हणून तासाभरात मोठ्या रुग्णालयात जा आणि तिथे स्पष्ट सांगा: उच्च दाबाच्या पाण्याची इजा आहे, पाण्यात अमुक होतं. एवढंच वाक्य सांगितलं नाही तर बारीक टोच समजून घरी पाठवलं जाण्याचा धोका असतो. गंमत म्हणून कुणाच्या पायावर फवारा मारणं, स्वतःच्या बुटाचा चिखल त्याने काढणं, कुत्र्याला किंवा बैलाला आंघोळ घालणं, ही सगळी याच इजेला बोलावणारी कामं.

अंगावर काय हवं? डोळ्यांना चारही बाजूंनी बंद असलेला गॉगल, कारण उडून येतात ते खडे, पाणी नव्हे. गुडघ्याखालपर्यंत गमबूट, लांब पँट, रबरी हातमोजे, कानाला मफ. चपलेत हे काम करायचं नाही. गमबूटसुद्धा घसरण आणि चिखल अडवतो, जवळून मारलेली धार नाही.

सुरू करण्याचा क्रम पंपाच्या बाजूने विचार केला की लक्षात राहतो: पंपाला कोरडं फिरू द्यायचं नाही आणि दाबाविरुद्ध सुरू करायला लावायचं नाही. मशीन सपाट जागी ठेवा. इंजिन ऑइलची दांडी पुसून, आटे न फिरवता नुसती आत घालून पातळी पाहा. इंजिनमध्ये १०डब्ल्यू-३० प्रकारचं ०.६ लिटर ऑइल बसतं. पंपाचं ऑइल वेगळं असतं, त्याची पातळी दाखवणारी काच वेगळी पाहा. मग पाण्याची नळी जोडा, तोटी पूर्ण उघडा आणि इंजिन बंद असतानाच ट्रिगर दाबून धरा. आधी हवा फुसफुसत येते, मग तुटक पाणी, मग सलग धार. सलग धार आल्यावरच पेट्रोलचा कॉक उघडा, थंड इंजिनला चोक लावा, थ्रॉटल थोडा पुढे घ्या, स्विच चालू करा. दोरी अडेल तिथपर्यंत हळू ओढा आणि मग झटका द्या. ओढताना दुसऱ्या माणसाने ट्रिगर दाबून गन मोकळ्या जागेकडे धरली तर उत्तम. दोरी दगडासारखी जड लागली तर जोर करू नका. पंपात दाब अडकला आहे. ट्रिगर दाबून तो सोडा, दोरी हलकी होते. निफाडच्या थंडीत पहाटे चोक पूर्ण लागतो, एप्रिलच्या दुपारी गरम इंजिनला अजिबात नाही.

पाण्याच्या बाबतीत एक सोपी चाचणी आहे. मशीनला मिनिटाला १० लिटर लागतात, तर तोटीतून १३-१४ यायला हवेत. वीस लिटरची बादली दीड मिनिटाच्या आत भरली नाही तर ती तोटी या मशीनला पुरणार नाही. नळी पाऊण इंची घ्या. टाकीतून पाणी द्यायचं असेल तर टाकी पंपापेक्षा उंचावर असावी. सरळ जोडलेला, ३४०० आरपीएमच्या आसपास फिरणारा पंप खालच्या हौदातून किंवा शेततळ्यातून पाणी खेचायला नाखूश असतो. ओढलंच तर त्यात हवा शिरते, पाइप साप झटकल्यासारखा उड्या मारतो आणि आत खडे वाजल्यासारखा आवाज येतो. तो आवाज म्हणजे पंप आतून खाल्ला जातो आहे. शेततळ्याचं पाणी गाळून घ्यावं, आणि पंपाच्या तोंडाची जाळी दर वेळी काढून धुवावी. ५०० लिटरची टाकी पन्नास मिनिटांत संपते, हेही लक्षात असू द्या. मे महिन्यात उन्हात पडलेल्या काळ्या नळीतलं पहिलं पाणी चटका देण्याइतकं तापलेलं असतं. ते जमिनीवर सोडून द्या, मग नळी मशीनला लावा.

आता मूळ मुद्दा. ट्रिगर सोडला की अनलोडर व्हॉल्व्ह पाणी पंपातच गोल फिरवतो. तेच पाणी पुन्हा पुन्हा घुसळलं जाऊन तापतं. दोन-तीन मिनिटांत ते इतकं तापू शकतं की सील मऊ पडायला लागतात. बऱ्याच पंपांवर साठ अंशांच्या आसपास उघडणारा थर्मल व्हॉल्व्ह असतो. तो गरम पाण्याची पिचकारी मारतो आणि लोक त्याला गळती समजून बूच मारतात. ते बूच पंपाचा जीव घेतं. दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं असेल, क्रेट हलवायचे असतील, फोन आला असेल, तर इंजिन बंद करा. हात गनवरून काढताना ट्रिगरचं लॉक लावायचं, प्रत्येक वेळी. गन चालू मशीनसह जमिनीवर ठेवली आणि कुणाचा पाय ट्रिगरवर पडला तर लान्स जागेवर गरगर फिरते. ट्रिगर तारेने किंवा कापडाने बांधून ठेवणारी मंडळी आहेत. त्यांच्याबद्दल लिहायला सभ्य शब्द नाहीत.

बंद करण्याचा क्रम सुरू करण्याइतकाच महत्त्वाचा आहे आणि तो कुणी पाळत नाही. साबण वापरला असेल तर आधी साध्या पाण्याने मिनिटभर चालवा. थ्रॉटल खाली, स्विच बंद, पेट्रोलचा कॉक बंद. मग पाण्याची तोटी बंद. मग ट्रिगर दाबून धरा, धार मरून पाणी नुसतं ठिबकेपर्यंत. मग लॉक. त्यानंतरच पाइप, लान्स किंवा टिप काढायची. मधली पायरी गाळली तर जोड सोडताना कपलिंग हातावर उसळतं, आणि दुसऱ्या दिवशी दोरी ओढणाऱ्याला ती जड लागते, तो भाग वेगळाच.

धुराबद्दल थोडं सविस्तर, कारण नाशिकमध्ये हे मशीन शेडमध्ये आणि बिल्डिंगच्या तळघरातल्या पार्किंगमध्येही वापरलं जातं. इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना वास, ना रंग. शटर उघडं ठेवलं, पंखा लावला, खिडक्या सताड उघड्या आहेत, एवढ्याने तो पुरेसा निघून जात नाही. इंजिन नेहमी उघड्यावर, दारं-खिडक्यांपासून किमान वीस फूट लांब आणि सायलेन्सरचं तोंड इमारतीकडे नाही, असं ठेवा. लांब पाइप आत न्या. जमिनीखालची पाण्याची टाकी धुताना तर इंजिन टाकीच्या तोंडाशी ठेवणं म्हणजे आतल्या माणसावर धूर सोडणं. टाकीच्या कामाला आम्ही पेट्रोलचं मशीन सुचवणारच नाही. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, पायातलं बळ जाणं, यातलं काही जाणवलं की काम तसंच टाकून उघड्यावर या आणि १०८ ला फोन करा. आत कोसळलेल्याला काढायला लगेच आत उडी घेणारा दुसरा बळी ठरू शकतो.

पेट्रोल भरताना इंजिन बंद आणि थंड हवं, टाकी काठोकाठ भरायची नाही, सांडलेलं पुसून सुकू द्यायचं. तापलेल्या सायलेन्सरवर पडलेले चार थेंब पुरतात. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल ठेवू नका. धातूचा घट्ट झाकणाचा डबा घ्या. टाकी ३.१ लिटरची आहे आणि पूर्ण भारावर ताशी १.७ लिटर जातं, म्हणजे पावणेदोन तासांत टाकी रिकामी. लिटरला शंभरावर दर असताना हा खर्च किरकोळ नाही, खरेदीआधी तो गृहीत धरा.

इथल्या कामांबद्दल काही सूचना. ब्लोअर धुताना त्यावर औषधाचा अंश असतो. आधी कमी दाबाने भिजवून काढा, वाऱ्याकडे पाठ ठेवा आणि ते पाणी विहिरीकडे किंवा ओढ्याकडे जाऊ देऊ नका. ट्रॅक्टरच्या रेडिएटरची पाती या दाबाला वाकतात, तिथे साधी नळीच बरी. बेअरिंग आणि ग्रीसच्या जागांवर सरळ मारलं तर ग्रीस निघून पाणी आत शिरतं. टायरच्या बगलेपासून फूटभर लांब राहा. मोटरच्या स्टार्टरच्या पेटीकडे, मीटरकडे, वायरिंगकडे गन वळवायचीच नाही. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. दाबाने धुतलं तर त्याचे तंतू सुटतात, म्हणून तो पत्रा तसाच राहू द्या. जुन्या वाड्यांचं चुन्यातलं बांधकाम आणि काळ्या पाषाणाची मंदिरं यांनाही हे मशीन नको. सांध्यातला चुना पहिल्याच फेरीत बाहेर येतो. गोदाघाटासारख्या शेवाळलेल्या फरशीवर पिवळी नाही, हिरवी टिप चालते, पण धुताना पायाखालचा तुकडा आधी मोकळा करून मग पुढे सरका. अ‍ॅसिड किंवा ब्लिचिंग पंपातून कधीही ओढू नका.

देखभाल अवघड नाही. इंजिनचं ऑइल पहिल्या वीस तासांनी, मग दर शंभर तासांनी. एअर फिल्टर पन्नास तासांनी धुवा, मळ्यातल्या धुळीत त्याच्याही आधी. प्लगमधलं अंतर ०.७ ते ०.८ मिलिमीटर. पंपाचं ऑइल पहिल्यांदा बहुधा पन्नास तासांनी बदलायचं असतं, नक्की आकडा पुस्तिकेत पाहा. ते दुधाळ दिसलं तर पाण्याचा सील गेलेला आहे. तसंच चालवलं तर प्लंजर आणि बेअरिंग जातात. महिनाभर मशीन पडून राहणार असेल तर कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल खालचा स्क्रू सोडून काढून टाका. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जेट चोंदतो आणि पावसाळ्यानंतर इंजिन चोकवरच चालतं, चोक काढला की मरतं. अनलोडरचा स्क्रू आवळून ‘दाब वाढवून देणारे’ कारागीर भेटतील. त्याने दाब वाढत नाही. ट्रिगर सोडताना पाइपात बसणारा धक्का वाढतो.

कुणी घ्यावं? आठवड्याला दोन-चार तास जड धुलाई असेल, वीज भरवशाची नसेल आणि मोकळी जागा असेल त्याने जरूर. घरची एक कार आणि दोन मोटारसायकली धुवायच्या असतील तर नाही. घरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर चालणारं दीड-दोन किलोवॅटचं विजेचं मशीन त्याला भरपूर झालं. फक्त ते आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असलेल्या जोडणीवर लावा. दिवसभर चालणाऱ्या वॉशिंग सेंटरलाही ही सरळ जोडणी पुरणार नाही, तिथे गिअरबॉक्स किंवा पट्ट्यावर कमी आरपीएमने फिरणारा पंप टिकतो.

दुकानातून उचलण्याआधी पाणी लावून चालवून दाखवायला सांगा. ट्रिगर सोडल्यावर इंजिनचा आवाज हलका व्हायला हवा, बंद पडायला नको. दहा-दहा सेकंदांनी पाच वेळा ट्रिगर सोडून-दाबून पाहा. दर वेळी धार लगेच पूर्ण जोरात आली पाहिजे. पंपाखाली कोरडा कागद ठेवा आणि तो कोरडाच राहतो का ते बघा. आणि बिलासोबत ०३० च्या दोन जास्तीच्या टिपा, कपलिंगच्या ओ-रिंगची (रबरी कड्यांची) पुडी आणि पाण्याच्या तोंडाची एक जाळी मागून घ्या. ऐन हंगामात दहा रुपयांच्या ओ-रिंगसाठी दिंडोरीहून नाशिकच्या सातपूरला यावं लागतं.